टाकीकाकांची तिसरी रेघ

टाकीकाकांचं खरं नाव कॉलनीत दोन-चार जणांनाच ठाऊक असेल. पाण्याच्या टाकीवर ते अडतीस वर्षं पंप चालवायला होते, म्हणून टाकीकाका; आणि त्यांच्याशी संसार केला म्हणून त्यांची बायको टाकीकाकू. काकूंना सुरुवातीला हे नाव मुळीच आवडत नसे. पुढे भाजीवालीसुद्धा ‘टाकीकाकू’ म्हणायला लागली तेव्हा त्यांनी देवापुढे हात जोडले आणि नाद सोडला. देवालाही लोक वाटेल त्या नावाने हाक मारतात, तो कुठे रागावतो?

टाकीच्या बाहेरच्या अंगाला एक लांब पट्टी होती आणि तिच्यावर तीन लाल रेघा. आत पाण्यावर पत्र्याचा पोकळ गोळा तरंगायचा, त्याची दोरी बाहेर यायची आणि पट्टीवरचा काटा हलवायची. वरची रेघ म्हणजे टाकी भरली. तिसरी रेघ म्हणजे तिसरा हिस्सा उरला. काका एकच धर्म पाळत आले: काटा तिसऱ्या रेघेखाली जाऊ द्यायचा नाही. खाली गेला की तळाचा गाळ हलतो, पंप हवा ओढतो आणि गावाचे नळ कोरडे पडतात. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एकदा तो गेला होता. दवाखान्याला तीन तास पाणी नव्हतं. “पंप बिघडला,” असं काका सांगत. सांगताना त्यांचा आवाज उतरायचा, म्हणून काकू खोलात शिरत नसत.

काका निवृत्त झाले आणि त्याच वर्षी मुलगी नोकरीसाठी दूर देशी गेली. जाताना आपली विजेची गाडी आईवडिलांच्या दारात लावून गेली. “बाबा, वापरा. नुसती उभी राहिली तर बॅटरी मरेल,” असं म्हणाली. बॅटरी मरेल म्हटल्यावर काकांना पर्यायच उरला नाही. जिवंत वस्तू दारात मरू देणारा माणूस नव्हे तो.

पण त्या गाडीतही त्यांना टाकीच दिसली. गाडी जुनी, पूर्ण भरली की एकशेऐंशी किलोमीटर जायची. त्यातल्या तिसऱ्या हिश्श्याला हात लावायचा नाही. उरले एकशेवीस. साठ जायचे, साठ यायचे. म्हणजे घराभोवती साठ किलोमीटरचं रिंगण झालं, आणि तीन वर्षांत गाडीचं चाक त्या रिंगणाबाहेर पडलं नाही. आत बसायचे नियम तर विचारू नका. एसी बंद. रेडिओ बंद. मोबाइल गाडीत चार्ज करायचा नाही. हॉर्नसुद्धा वाजवायचा नाही, खिडकीतून हात काढून “ओ दादा, ओ दादा” करायचं. एकदा बाजारातून येताना काकूंनी पाच किलोचा तांदूळ घेतला तर काका म्हणाले, “अगं, आज दोन किलो घे, तीन उद्या नेऊ.”

“मग मलाच उतरवा की इथे,” काकू म्हणाल्या. “बासष्ट किलो वाचतील.”

काका खरंच क्षणभर विचारात पडले, आणि ते काकूंनी पाहिलं. ती गोष्ट त्यांनी पुढे वर्षभर वाण्यापासून डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळ्यांना सांगितली.

एक सवलत मात्र होती. काकूंना गाडीत नामस्मरण करायची सवय. काका म्हणायचे, “म्हण, म्हण. तुझ्या गळ्याला चार्जिंग लागत नाही.”

पंपघरातून आणलेलं एक कोरं रजिस्टर काकांकडे होतं. त्यात त्यांनी रिंगणातले सगळे सार्वजनिक चार्जर लिहिले होते. सुट्टीच्या दिवशी माणसं सिनेमाला जातात, हे चार्जर तपासायला जायचे. गाडी भरलेली असो नसो, वायर लावायची, दोन मिनिटं बघायचं आणि लिहायचं. ‘हॉटेलामागे. वायर आखूड, गाडी उलटी लावणे.’ ‘बँकेशेजारी. स्क्रीन लागते, वीज येत नाही.’ ‘दुकानाच्या आवारात. रखवालदार चांगला. जेवायला घरी जातो तेव्हा गेट बंद.’ लोक हसायचे. पण कॉलनीत ज्याने ज्याने पुढे तसली गाडी घेतली, तो पहिल्या आठवड्यात काकांच्या दारात आला. फोनवर चार्जर मोकळा दिसतो, पण रखवालदार जेवायला गेलाय हे फोन सांगत नाही. काका सांगायचे.

या सगळ्यात एकच गोष्ट मागे पडत होती. काकूंची ताई.

ताई काकूंपेक्षा सतरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा नुकतंच लग्न झालेल्या ताईने आठ वर्षांच्या धाकटीला आपल्या सासरी नेलं आणि लेकीसारखं वाढवलं. घाटमाथ्यावरच्या त्या तीन खोल्यांतच काकू शाळेला गेल्या, तिथूनच लग्न होऊन निघाल्या. ते घर एकशेऐंशी किलोमीटरवर, त्यातले शेवटचे चाळीस घाटाचे. पूर्वी थेट बस होती. ती बंद झाली. आता दोन ठिकाणी बस बदलायची, आणि काकूंचे गुडघे म्हणजे रोजची कुरकुर. काका म्हणायचे, “मी नेतो ना तुला. त्या वाटेला जरा चार्जर तर होऊ देत.” चार्जर झाले. मग म्हणाले, चालतात की नाही ते कळू दे. काकूंनी हट्ट केला नाही. हट्ट करायला ताई कुठे पळून चालली होती?

तर ताईच निघाली. एके दिवशी तिचा फोन आला. “धाकटे, घर दिलं गं. मुलगा म्हणतो, ऐंशी झाली, आता एकटी राहायचं नाही. मंगळवारी ट्रक येतोय.”

काकूंनी फोन ठेवला आणि देवाजवळ जाऊन बसल्या. तेल घातलेल्या दिव्यात पुन्हा तेल घातलं. काका दारात उभे. काकू वळून एवढंच म्हणाल्या, “ती त्या घरात असताना एकदा जायचं होतं मला. नंतर तिच्या मुलाकडे जाऊच की. पण ते तिचं घर नसेल.”

काकांनी रजिस्टर काढलं आणि रात्रीपर्यंत लिहीत बसले.

मंगळवारी साडेनऊला ते निघाले. काकूंनी हात जोडले. “देव आहे बरोबर.”

“देव आहे गं, पण देवाला वायर नाही,” काका म्हणाले आणि गाडी हळूच रस्त्यावर घेतली.

पहिला थांबा सत्तर किलोमीटरवर होता. चार्जरवर दुसरी गाडी लागलेली. अर्धा तास वाट पाहिल्यावर नंबर लागला. गाडी तेव्हा एकसष्ट टक्क्यांवर होती. ऐंशीपर्यंत आकडा भराभर चढला. मग एक-एक टक्का असा येऊ लागला की जणू कुणी मागून ढकलतंय. काका हाताची घडी घालून उभे. टाकी भरायची म्हणजे वरच्या रेघेपर्यंत, हा त्यांचा हिशेब. काकू घड्याळ बघत होत्या, तोंडाने नाम चाललं होतं.

मागे अंड्यांच्या ट्रेची विजेवरची व्हॅन येऊन उभी राहिली. चालवणारी बाई चाळिशीची, पदर खोचलेला. ती उतरली, चार्जरची स्क्रीन वाचली आणि कपाळाला हात लावला.

“काका, अठ्ठ्याऐंशी झालेत! निघा की.”

“शंभर होऊ देत.”

“शंभर? संध्याकाळ होईल. अहो, शेवटचे दहा-बारा टक्के म्हणजे खच्चून भरलेल्या बसमध्ये आणखी माणसं चढवणं. ढकलून ढकलून चढतात. पहिले कसे, मोकळ्या बसमध्ये पळत शिरतात. कुठे जायचंय एवढं?”

काकूंनी सांगितलं. ताई, घर, ट्रक, सगळं. अनोळखी माणसाला सांगताना कधी कधी जास्त नीट सांगता येतं.

अंडेवालीने सगळं ऐकून घेतलं. मग काकांकडे वळली. “आणि तुम्ही इथे बस भरताय?”

काकांनी आकडा पाहिला. एक्याण्णव. त्यांनी वायर काढली. आयुष्यात पहिल्यांदा टाकी न भरता त्यांनी झाकण लावलं होतं. गाडीत बसून त्यांनी पट्टा लावला. मग म्हणाले, “बस भरायची गोष्ट बरोबर होती तिची.”

दुसरा चार्जर घाटाच्या पायथ्याशी, एका फर्निचरच्या दुकानाच्या आवारात. पुढच्या चढणीचा सगळा भरवसा त्याच्यावर. सव्वादोनला ते तिथे पोचले तेव्हा गाडी बावन्न टक्क्यांवर आली होती. आवारात चार्जर दिसत होता. हिरवा दिवाही लागला होता. पण गेटला हातभर साखळी आणि वर पाटी: मंगळवारी दुकान बंद.

काकांनी साखळी दोनदा ओढून पाहिली. हाक मारली. आतून एक मांजर येऊन त्यांच्याकडे बघून गेलं. “चोवीस तास उघडा, असं लिहिलं होतं,” ते फोनकडे बघत म्हणाले. “मी सगळं विचारलं. वार विचारायचा राहिला.”

तेवढ्यात ताईचा फोन. “कुठे आहात गं? हे लोक भलतेच चटपटीत निघाले, सामान चढत आलंय. चारला निघायचं म्हणतो हा. जाता जाता नव्या मालकांना किल्ली द्यायचीय. येतेस ना?”

“येतोच आहोत,” काकू म्हणाल्या आणि फोन बंद झाल्यावर काकांकडे पाहिलं.

मागे वीस किलोमीटरवर पेट्रोल पंपाजवळ एक चार्जर होता. तिथे जायचं, भरायचं, परत यायचं, मग घाट. काकांनी बोटांवर मोजलं. पाचच्या पुढे. आणि असंच वर गेलं तर? घाटात गाडी दुप्पट खाते. वर पोचताना आठ-दहा टक्के उरतील. तेही काही आडवं आलं नाही तर. घाटात अधेमधे काहीही नाही.

“वरती नवा चार्जर आहे,” काका स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. “बाजारात, दोन वायरींचा. बघ, फोनवर मोकळासुद्धा दिसतोय. पण तिथपर्यंत…”

काकू त्यांना चाळीस वर्षं ओळखत होत्या. माणूस घामाने भिजला होता आणि हात अजून साखळीवरच होता. त्यांना त्याची दया आली. “परत फिरा,” त्या म्हणाल्या. “घाटात अडकायला नको. ताईशी फोनवर बोलेन मी. घर काय, मनात आहेच.”

हे त्या अगदी मनापासून म्हणाल्या होत्या, आणि म्हणूनच काकांना ते लागलं असावं. भांडल्या असत्या तर ते परत फिरले असते. त्यांनी साखळी सोडली, हात पँटला पुसले.

“बस गाडीत.”

“अहो, पण…”

“बस म्हणतो ना. आणि मोठ्याने म्हण तुझं नाम. मनातल्या मनात नको.”

गाडी घाटाला लागली. काकूंनी नाम धरलं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मध्ये आवाज न करणारी गाडी. पन्नास. सत्तेचाळीस. बेचाळीस. इतका झरझर आकडा उतरताना काकूंनी कधी पाहिला नव्हता. काकांची पाठ सीटला टेकत नव्हती. मागून ट्रक हॉर्न देत होते, हे डावीकडे सरकून त्यांना वाट देत होते. एका वळणावर चौतीस होते. पुढच्या वळणाला तेहतीस. मग बत्तीस.

“गेली रेघ,” काका म्हणाले.

काकूंचं नाम थांबलं.

“दवाखान्याचं पाणी गेलं होतं ना त्या वर्षी,” काका रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाले. “पंप बिघडला नव्हता. मला झोप लागली होती.”

काकू त्यांच्याकडे वळल्या.

“दोन पाळ्या सलग केल्या होत्या. पहाटे डोळा लागला. उठून बघतो तर काटा तळाला. साहेबांनीच लिहिलं, पंप बिघडला म्हणून. चांगला माणूस. मी तेच सांगत राहिलो. तुलासुद्धा.”

“दवाखान्यात कुणाला काही…?”

“नाही, देवाची कृपा. बादल्यांनी पाणी नेलं लोकांनी. पण होऊ शकलं असतं.”

वळण आलं, गेलं. काकूंना आठवलं, नवी नवरी असताना रात्री उठून पाहायच्या तर हा माणूस खिडकीशी उभा, लांबवरच्या टाकीकडे बघत. तेव्हा वाटायचं, याचं आपल्यात लक्षच नाही. चाळीस वर्षांनी आज उलगडा झाला. त्यांनी काकांच्या मनगटावर हात ठेवला.

“तेवीस वर्षांचं पोर होतात तुम्ही,” त्या म्हणाल्या. “एवढ्या मोठ्या टाकीला एकच माणूस ठेवला, त्यांची नाही का चूक? आता गाडी नीट हाका. आज तर चांगले टक्क जागे आहात.”

काका एकदम हसले. हसणं कसलं, अडकलेला श्वासच सुटला. आणि काकूंनी पुन्हा नाम धरलं, ते माथा येईपर्यंत सोडलं नाही.

गाव दिसलं तेव्हा नऊ टक्के. बाजाराचा फाटा आला. डावीकडे तो दोन वायरींचा चार्जर, नवाकोरा, मोकळा, एकही गाडी नाही. काकांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. चारला वीस कमी होते. त्यांनी गाडी सरळ चढावर घातली.

दारात ट्रक उभा होता. दोन माणसं वरून दोर आवळत होती. ताई पायरीवर बसली होती, मांडीवर पर्स घेऊन, एखादी पाहुणी बसावी तशी. गाडीचा आवाज आलाच नाही, म्हणून काकू समोर येऊन उभ्या राहीपर्यंत तिला कळलं नाही.

“अगं बाई! आलीस?”

पुढचं काय सांगायचं. दोघी रडल्या, हसल्या, एकमेकींच्या पांढऱ्या केसांना नावं ठेवून झाली. मग हात धरून आत गेल्या. खोल्या रिकाम्या. कपाट होतं तिथे भिंतीवर फिकट चौकोन, पलंग होता तिथे फरशीला चार डाग. काकू ज्या खिडकीत बसून पाढे म्हणायच्या ती खिडकी तेवढी तशीच होती. त्या तिथे बसल्या आणि त्यांच्या लक्षात आलं, आपल्याकडे मोजून पंधरा मिनिटं आहेत.

बाहेर ताईचा मुलगा काकांना म्हणत होता, “काका, गाडी किती राहिली?”

“सात.”

“सात? बापरे. पण काळजी नको, खाली बाजारात फास्ट चार्जर आहे. तासाभरात भरेल. आम्ही निघालो की तुम्ही तिथूनच परतीला लागा.”

काकू खिडकीतून ऐकत होत्या. काका काय म्हणणार हे त्यांना पाठ होतं. सात टक्के असताना हा माणूस पाणीसुद्धा न पिता धावत सुटेल.

“नको,” काका म्हणाले. “त्या बाजारातल्याचा काही भरवसा नाही. घरात मोठं सॉकेट असेल ना? फ्रिजचं?”

“आहे. पण काका, त्यावर रात्रभर लागेल.”

“लागू दे. हळू भरलेली बरी असते.”

“अहो, पण किल्ली द्यायचीय आज!”

यावर ताई दारात आली. गोष्ट तिच्या बरोब्बर लक्षात आली होती, कारण तिने काकांकडे एकदा पाहिलं आणि मग मुलाकडे. “जावईबापूंची गाडी उपाशी आहे,” ती म्हणाली. “उपाशी पाहुणे दारात टाकून मी निघून जाऊ? पंचावन्न वर्षांत या घरातून असं कुणी गेलं नाही. तू ट्रकबरोबर पुढे हो. नव्या मालकांना मी फोन करते. किल्ली सकाळी मिळेल त्यांना, एका रात्रीत घर कुठे पळून जात नाही.”

“आणि तू कशी येणार?”

ताईने पर्स उगाच उघडून बंद केली. हे तिने धरलं नव्हतं.

“मी सोडतो ताईंना,” काका म्हणाले. “उद्या. किती आहे इथून?”

“दोनशे वीस.”

काकांची बोटं हिशेब करायला लागली. ती काकूंना खिडकीतूनही दिसली. “ठीक आहे,” ते म्हणाले. “मधे दोन थांबे घेऊ.”

मुलाने डोकं खाजवलं, आईकडे पाहिलं आणि हसत हात वर केले. ट्रकमधून एक गादी आणि दोन चादरी खाली आल्या. शेजारणीने चहाची किटली पाठवली. ट्रक गेला, मुलगाही गेला, आणि घर एकदम शांत झालं.

ताई चादर झटकत होती तेव्हा काकू स्वयंपाकघरात आल्या. फ्रिजच्या रिकाम्या कोपऱ्यात काका उकिडवे बसले होते. वायर तापते का ते हाताने बघत होते. दुसरं टोक खिडकीतून बाहेर गाडीकडे गेलेलं.

“बाजारात तासाभरात झालं असतं,” काकू म्हणाल्या.

“रांग असेल तिथे.”

“कुत्रंसुद्धा नव्हतं. येताना मीही पाहिलं.”

“तू नाम घेत होतीस का गाड्या मोजत होतीस?” काका वायरवरचा हात न काढता म्हणाले. कान मात्र लाल झाले होते.

काकू काही बोलणार होत्या, पण आतून ताईची हाक आली. “धाकटे, अगं कुठे राहिलीस? किती बोलायचंय, आणि ही बया नवऱ्यापाशी जाऊन बसली!”

“जा,” काका म्हणाले. “मी आहे इथे.”